पडद्याखालच्या दोन ओळी

हेंडरसन, ऑकलंड
१२ मे

कोरिन,

दचकू नकोस. वकिलाचं पत्र नाही, पुआसिनाचंच आहे. कागदावर लिहिलं, कारण माझा फोन तू उचलत नाहीस आणि ईमेल न वाचता पुसतोस. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट मात्र तू न उघडता कधी टाकत नाहीस. त्यात कुणीतरी तुझं कौतुक केलेलं असेल अशी तुला आशा असते.

तर आधी कौतुक. मेलबर्नच्या महोत्सवात 'समुद्राला शरण'ला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरातला फोटो पाहिला. भाषणात तू म्हणालास, "या बेटावरच्या माणसांनी मला आपलं मानलं." गळ्यात शंखांची माळ होती. तुवालूत ती माळ पाहुणा परत जायला निघाला की घालतात. असो. शोभत होती.

त्याच मुलाखतीत तू म्हणालास की तुझी जुनी संकलक दमली आणि मध्येच काम सोडून गेली. वाचणाऱ्याला वाटेल, बिचारीला झेपलं नसेल. म्हणून खरं काय घडलं ते एकदा लिहिते. तुला ठाऊक आहेच, पण मला लिहून बघायचंय.

टायरच्या दुकानामागच्या त्या खोलीत बसून मी तुझे सगळे माहितीपट जोडले. तू पहिल्यांदा भेटलास तेव्हा मी चर्चमधली लग्नं आणि पोरांचे पहिले वाढदिवस चित्रित करून जोडून देत होते. तू म्हणालास, "तुझ्या हाताला ताल आहे." मी भुलले. सगळ्यांना सांगायचास, "मी डोळा, ही कात्री." त्या कात्रीने सर्वांत जास्त काय कापलं असेल, तर तुझा आवाज. "परत एकदा, आजोबा." "समुद्राकडे बघून सांगा." "जरा हळू, मावशी, डोळे पुसू नका." प्रत्येक चित्रफितीतून मी तो खुडून काढायची, म्हणून लोकांना वाटायचं की तुझी माणसं आपणहून रडतात.

मग तू तुवालूतल्या फुनाफुतीला गेलास, माझ्या बाबांकडे. तेआगाईची मुलगी आपल्या हाताखाली आहे, या ओळखीवर गेलास. परत आल्यावर चित्रण मी लावलं. मोठ्या भरतीचं पाणी अंगणाच्या कडेपर्यंत आलेलं, बाबा माझ्या आईच्या थडग्याशी उभे, डोळ्यांत पाणी, आणि ते काहीतरी बोलतायत. पडद्याखाली तू दोन इंग्रजी ओळी टाकायला सांगितल्यास: "समुद्रा, तू जिंकलास. हिला घेऊन जा, आम्हीही मागून येतो."

मी म्हटलं, "बाबा असं म्हणत नाहीयेत."

"भाव तोच आहे, पुआ."

"भावही तो नाही. ते म्हणतायत..."

तू हात वर केलास. "लोक शब्द ऐकत नाहीत. चेहरा बघतात."

दुसऱ्या सोमवारी माझी किल्ली कुलपाला लागेना. पुढचं संकलन सिडनीत कुणीतरी केलं. बाबांच्या आवाजावर चेलोचं भलंमोठं संगीत चढवलं. आणि शेवटच्या नामावळीत माझं नाव ठेवलंस. संकलक म्हणून नाही. 'भाषांतर: पुआसिना तेआगाई.'

चित्रपट आमच्या बेटावर आलाच नाही. पण त्या दोन ओळी आल्या. कुठल्याशा परिषदेत एका बड्या माणसाने त्या म्हणून दाखवल्या आणि रेडिओने, भाषांतरकार म्हणून माझं नाव सांगून, आमच्यापर्यंत पोचवल्या. बाबा आयुष्यभर गावाच्या सभागृहात उठून सांगत आले, 'आपण इथून हलायचं नाही.' त्यांना लोक म्हणायला लागले, "तेआगाई, तू तर शरण गेलास म्हणे! तेही गोऱ्यासमोर, रडून!" बाबांनी सभागृहात जाणं सोडलं. मी फोन केला की माझा भाऊ म्हणतो, "डुकरांना घालायला गेलेत." आमची डुकरं इतकं खात नाहीत, कोरिन. ते शब्द बाबांच्या तोंडी मीच घातले, असं त्यांना वाटतं. नाव माझंच आहे ना खाली.

मी महोत्सवाला लिहिलं होतं. उत्तर आलं की दिग्दर्शक आणि भाषांतरकार यांच्यातल्या मतभेदात आम्ही पडत नाही.

पण झालं ते झालं. ताणून धरण्यात अर्थ नाही. तुझ्या पुढच्या मालिकेसाठी, त्या तीन बेटांच्या, तुला बेटांवरच्या लोकांचा पाठिंबा दाखवावा लागणार आहे असं ऐकलं. इथे रानूईत आमच्या चर्चचा हॉल आहे. तुझा चित्रपट आमच्या लोकांना दाखवू या का? माणसं मी गोळा करते. तू तुझ्या बड्या मंडळींना आण.

पुआसिना

हेंडरसन
३ जून

कोरिन,

इतक्या लवकर आणि इतकं गोड उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. "मला माहीत होतं, तू मोठ्या मनाची आहेस." हे वाक्य मी लागिसी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "याला मोठ्या मनाची म्हणजे काय, मोठ्या पोटाची म्हणायचंय का?" ती माझ्या आईची धाकटी बहीण. तुझी गाठ पडेलच.

२३ तारखेच्या शनिवारी दुपारी ठेवलंय. चर्चच्या बायका कंद किसून फेकेई आणि नारळातली मच्छी करणार आहेत. अनुदान मंडळाच्या बाई येणार म्हणालास, त्यांना आणि मेलबर्नच्या मंडळींना पहिल्या रांगेत बसवू. पाद्री सेमेसे प्रार्थना म्हणतील. ते म्हातारे आहेत आणि प्रार्थना लांबते, तेवढं सोस.

दोन गोष्टी मात्र नीट ऐक.

एक, आमच्या बायाबापड्या पडद्याखालचं इंग्रजी वाचत बसणार नाहीत. कानाने ऐकणार. म्हाताऱ्यांना तसंही कमी ऐकू येतं. बाबांच्या प्रसंगात ते चेलो इतकं वर आहे की त्यांचा एक शब्द धड कळत नाही. आपल्या माणसाचा आवाज ऐकूच आला नाही तर यांना रडू कसं फुटेल? तेव्हा त्या शनिवारपुरती संगीत उतरवलेली प्रत आण. आवाजाच्या आणि संगीताच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतील तुझ्याकडे, अर्ध्या तासाचं काम आहे. सिडनीच्या माणसाला जमत नसेल तर कळव, मी करून देते.

दोन, प्रेक्षकांचे चेहरे टिपायची तुझी कल्पना चांगली आहे. "रडणाऱ्या बायका जवळून घे, पुढच्या प्रस्तावात लावू," असं तू लिहिलंयस. घेते. दोन कॅमेरे लावते, एक बायकांवर, एक पहिल्या रांगेवर. मात्र हे चित्रण माझं राहील. तसं एक ओळीचं लिहून पाठव. माझ्याकडे स्वतःचं असं काहीच नाही, तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं दुसऱ्याचंच जोडत आले.

बाबांविषयी विचारलंस. आहेत. बोलत नाहीत.

तू आणखी एक गोष्ट विचारशील म्हणून मी वाट पाहत होते. त्या खोलीतही पाहिली आणि या पत्रातही शोधली. विचारलं नाहीस. बरंच झालं.

पुआसिना

हेंडरसन
रविवार, २४ जून

कोरिन,

काल तू मागच्या दाराने गेलास, त्यामुळे निरोप घ्यायचा राहिला. तुझं जेवणही राहिलं. मावशीने तुझ्या वाट्याची फेकेई पानात बांधून ठेवली होती. शेवटी ती अनुदान मंडळाच्या बाईंनी खाल्ली.

आता सगळं लिहिते. कारण काल हॉलमध्ये काय झालं ते तू पाहिलंस, पण तुला ते समजलं नाही.

पहिला पाऊण तास सगळं तुझ्या मनासारखं चाललं होतं. विमानाच्या धावपट्टीवर खेळणारी पोरं दिसली तेव्हा बायकांनी सुस्कारे टाकले. कुणाला कुणाचा भाचा दिसला, कुणाला आपलं जुनं घर. मेलबर्नचा तो दाढीवाला रुमाल काढून तयारच बसला होता. तू पहिल्या रांगेशेजारी भिंतीला टेकून उभा होतास, हाताची घडी घालून, मान जराशी कलती. तुला वाटतं की असं उभं राहिलं की माणूस नम्र दिसतो.

मग बाबा आले. चेलो नव्हतं. वारा होता, पाणी होतं, आणि बाबांचा खणखणीत आवाज. सभागृहात शेवटच्या खांबापर्यंत जायचा तो आवाज.

बाबा काय म्हणाले ते आता लिहिते. शब्दाला शब्द. भाषांतर: पुआसिना तेआगाई.

"अरे, या गोऱ्या पालागीला कुणीतरी सांगा, पाय काढ म्हणावं तिथून! त्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा एक पाय माझ्या बायकोच्या छातीवर आणि याचा स्वतःचा तिच्या पोटावर. जिवंतपणी तिने माझंसुद्धा इतकं ओझं घेतलं नाही! सकाळपासून माझी ताडी पितोय, आभाराचा शब्द नाही, आणि आता हिच्यावर उभा राहून मलाच म्हणतो, रड. तोंड बघा त्याचं, दोरीवर विसरलेल्या माशासारखं!"

पडद्याखाली अक्षरं उमटली: समुद्रा, तू जिंकलास.

पहिली हसली ती लागिसी मावशी. तुला तिचं हसू ठाऊक नाही. ते आधी खुर्चीत सुरू होतं, मग तिच्यात. 'दोरीवर विसरलेल्या माशा'ला तिने मांडीवर थाप मारली, शेजारची तिच्या अंगावर कोसळली, आणि मागच्या बाकांपर्यंत लाट गेली. म्हातारे डोळे पुसत होते. पोरं तुझ्याकडे वळून बघत होती, तोंड खरंच तसं आहे का म्हणून. आणि पहिल्या रांगेत तुझी सगळी मंडळी रडत होती. रुमाल नाकाला, मान मागे वळलेली: या बायका हसतायत का? दोन्ही कॅमेरे चालू होते. त्या वेळच्या तुझ्या चेहऱ्याचं मी काय सांगू? तू हसलास, कोरिन! काय चाललंय हे न कळल्यामुळे त्यांच्याबरोबर तूही हसलास.

अनुदान मंडळाच्या बाईंनी पाद्रीबुवांकडे वाकून विचारलं, "लोक का हसतायत?"

पाद्री म्हणाले, "बाई, जेवणानंतर सांगतो."

"नाही, आत्ता सांगा."

"मी आधी दिग्दर्शकांची परवानगी घेतो."

तू काय बोलणार! "जरूर, जरूर," म्हणालास. मग त्यांनी चष्मा काढला, दिवे लावायला सांगितले आणि उभं राहून त्यांच्या त्या प्रवचनी इंग्रजीत सगळं सांगितलं. ताडी सांगितली, मासा सांगितला. थडग्यापाशी आल्यावर थांबले. "पुढचं सांगणं मला जड जातंय," म्हणाले, "पण मी पाद्री आहे, मधलं गाळता येत नाही." आणि तेही सांगितलं.

तोवर आमच्या बायकाही गप्प झाल्या होत्या. हसताना जे कानावरून गेलं होतं ते आता मनात उतरलं. मावशी उठली. गुडघे धरून, बाकांना हात लावत ती तुझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तुला कळावं म्हणून इंग्रजीत बोलली. ते मी तसंच लिहिते.

"ती माझी बहीण. तिच्या पोटावर उभा होतास?"

तू म्हणालास, "मला कल्पना नव्हती... मला कुणी सांगितलं नाही..."

"सांगितलं की! तो सांगतोय ना. तूच तर दाखवतोयस सगळ्या जगाला!"

त्यावर तू माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांत तो प्रश्न दिसला, जो तू विचारायला हवा होतास: मग ते काय म्हणतायत? एवढंच. त्या दिवशी खोलीत हे विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू चिडला असतास, ओळी काढल्या असत्यास, आणि मी आजही तुझा आवाज खुडत बसले असते.

मला आनंद झाला का, असं विचारत असशील तर, झाला. फार झाला. काल रात्री मी शांत झोपले. तू दाराकडे गेलास तेव्हा वाटेतल्या प्रत्येक बाईने पाय आवरून घेतले. तुला वाटलं ती सभ्यता. अंगाजवळून घाण जात असली की पाय आवरून घ्यायला आम्ही आमच्या पोरांनाही शिकवतो.

पुआसिना

फुनाफुती
५ ऑक्टोबर

कोरिन,

तुझी पत्रं ऑकलंडहून फिरत फिरत इथे पोचली. मालिका रद्द झाली, मेलबर्नवाल्यांनी बक्षिसाच्या यादीतून नाव काढलं, सिडनीचा संकलक म्हणतो मला काही ठाऊक नव्हतं. वाचलं. तू लिहितोस, ओळी दुरुस्त करतो, चित्रपट नव्याने काढू, नाव दोघांचं लावू, तुझं आधी. मी काय केलं म्हणजे हे थांबेल, असंही विचारतोस.

आधी इथलं सांगते.

मी आले तेव्हा बाबा मागच्या अंगणात नारळ सोलत होते. मान वर केली नाही. भावाच्या बायकोने ताट वाढलं, बाबा उठून पाठमोरे बसले. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत रानूईचं चित्रण जोडायला बसले. मावशीचं हसू लावलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. नारळाचा आवाज थांबला. दारात बाबा.

"ही लागिसी कशाला दात काढतेय?"

वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य. मी खुर्ची सरकवली. सगळं दाखवलं, तुझ्या त्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि त्यांचा अर्थ सांगितला. त्यांनी ते थोबाडीत बसल्यासारखं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"नाही, बाबा."

"मग नाव?"

"त्याने घातलं."

ते पडद्याकडे वाकले. तिथे तू हसत होतास. "हा खरंच माशासारखा दिसतो," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेले. मला रडू आलं. ते मी चित्रित केलेलं नाही.

त्याच आठवड्यात माझा माहितीपट सभागृहात चादरीवर दाखवला. माझा पहिला. त्यात तुझं चित्रण एक क्षणही नाही, मला त्याची गरजच पडली नाही. नुसते चेहरे आहेत, आमचे आणि तुमचे, आणि मग पाद्री आणि मावशी. सुवाच्या महोत्सवाने तो मागितलाय, ब्रिस्बेनमधले आमचे लोक मागतायत. ज्यांनी बाबांना शरण गेलेला म्हटलं होतं, ते म्हातारे चादरीसमोर खाली माना घालून बसले. बाबा उठले, खांबापाशी गेले. सगळ्यांना वाटलं आता भाषण. बाबा म्हणाले, "माझ्याकडे एक नवीन गाणं आहे."

बाबा गाणी रचतात. बेटाबेटांवर, नुकुफेताउपासून नुकुलाएलाएपर्यंत, त्यांची गाणी नाचली जातात. तू महिनाभर त्यांच्या घरी जेवलास आणि तुला हे कळलं नाही.

स्वातंत्र्यदिनाला ते गाणं आमच्या फातेले नाचात बसवलं. पुरुष मध्ये लाकडी पेटीभोवती, तळहातांनी बडवत. आम्ही बायका उभ्या, फुलं माळून. तुझं नाव आमच्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून गाण्यात ते 'कोलिने' झालंय. सुरुवात संथ आहे: कोलिने लांबून आला, काचेचा डोळा घेऊन आला. मग लय चढते. कोलिने, पायाखाली बघ. पायाखाली कुणाची आई आहे, कुणाची बायको आहे. दर फेरीला वेग वाढतो, आणि शेवटी सगळं सभागृह एकाच वेळी पाय झटकतं. एक म्हातारी तर खुर्चीत बसूनच झटकत होती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ओळी दुरुस्त करू नकोस. मी त्यावर माझं नाव आधी काय, नंतर काय, कुठेच लावणार नाही. तो चित्रपट आहे तसाच राहू दे. आणि हे कशाने थांबेल, तर कशानेच नाही. थांबवायला समोर माणूस असता तर तू त्याला थांबवलं असतंस, वकिलाला लिहिलं असतंस. गाण्याला कुणाला लिहिणार? तुझा चित्रपट कुठल्याशा कपाटात जाईल, माझाही जाईल. पण आज जी पोरगी दुसऱ्या रांगेत चुकतमाकत हात हलवत होती, ती तिच्या नातीला हे शिकवेल. नात विचारेल, कोलिने कोण गं? आणि ती सांगेल.

काल वैतुपू बेटाकडे जाणारी बोट सुटली. सणाला आलेल्या बायका डेकवर चटया टाकून बसल्या होत्या आणि घरी पोचेपर्यंत चाल पक्की करायची म्हणून तेच गाणं म्हणत होत्या. बोट वळली तरी धक्क्यावर ऐकू येत होतं. दुसऱ्या कडव्यात एकीचा शब्द चुकला. बाबा धक्क्याच्या टोकापर्यंत धावत गेले, तोंडाशी हात धरला आणि ओरडून तो दुरुस्त केला.

पुआसिना तेआगाई